आबांनी लॅमिनेट केलेलं कार्ड

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, कागद उघडा दिसला की चैन पडत नाही. साताऱ्याकडून येऊन त्यांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात जन्मभर गोणी वाहिल्या. तिथे खिशातल्या कागदाचा दुपारपर्यंत घामानं लगदा होतो. ते इतकं मनात बसलंय की निवृत्त झाल्यापासून कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीखालच्या झेरॉक्सवाल्याचा धंदा आबाच चालवतात. रेशनकार्ड, सासूबाईंच्या चष्म्याचा नंबर, आमची लग्नपत्रिका, सगळं लॅमिनेट. वॉशिंग मशीनचं वॉरंटी कार्ड तर दुकानदाराचा शिक्का बसायच्या आधीच प्लॅस्टिकात गेलं. मशीन बंद पडलं तेव्हा दुरुस्तीला आलेला माणूस ते उजेडात धरून बराच वेळ हसला.

मी नाही हसले. मी तापट आहे असं घरात सगळे म्हणतात, फक्त दोन हात लांब उभे राहून म्हणतात.

तर लेक साडेतीन महिन्यांची झाली आणि तिच्या लशींची पुढची पाळी आली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, न्यूमोनिया. सर्दीमुळे आधीच एक आठवडा चुकला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही यात्रेसाठी महिनाभर गावी निघणार होतो. तिथे येणारा प्रत्येक पाहुणा आधी खोकणार आणि मग तिचा मुका घेणार. म्हणजे लस त्याच दिवशी व्हायला हवी होती. नवरा ड्यूटीवर, म्हणून आबा बरोबर आले. कडक इस्त्रीचा सदरा, टोपी आणि काखेत पिशवी.

आरोग्य केंद्रात आमचा नंबर लागला. सिस्टरनी लसीकरणाचं कार्ड मागितलं. आबांनी ते पिशवीतून काढलं, बाहीला पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. कार्ड लखलखत होतं. मला त्याच क्षणी तिथून उठून जावंसं वाटलं.

सिस्टर इथल्याच गावच्या. त्यांनी कार्ड उलटंसुलटं केलं, हे कोणी केलं म्हणून विचारलं. आबा शाबासकीच्या तयारीत पुढे सरकले.

"आता मी लिवू कुठं?" सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या सगल्या चौकटी तुमी बंद करून टाकल्या."

पेन चालवून पाहिलं, ते घसरलं. मार्कर आणला, तो उमटला. सिस्टरनी अंगठा फिरवला आणि तारीख अंगठ्यावर गेली. एव्हाना रांगेतल्या बायकांना आपली पोरं रडताहेत याचाही विसर पडला होता. एकीनं सुचवलं, वर कागद चिकटवा. दुसरीचं म्हणणं, गरम इस्त्री फिरवली की प्लॅस्टिक सुटतं, आणि ती खरंच शिपायाला इस्त्री आहे का विचारून आली. शेवटी सिस्टरनी कात्रीनं कड कापून प्लॅस्टिक सोलायला घेतलं, तर त्याबरोबर कागदाचा पापुद्रा निघायला लागला. माझ्या लेकीची जन्मतारीख अर्धी वर गेली, तेव्हा मीच कात्री थांबवली.

त्यावर सिस्टरनी शहाणपणाचा तोडगा काढला. लस आत्ता देऊ, रजिस्टरला नोंद करू, नवीन कार्ड गावाहून आल्यावर करून घ्या. मी लगेच हो म्हटलं आणि बाळाचा लंगोट सोडायला घेतला. पण बाळ आबांच्या मांडीवर होतं, आणि त्यांनी तिला छातीशी धरलं.

"कार्डावर लिवलं तरच टोचायचं. तोंडी मला चालायचं न्हाई."

सिस्टरनी समजावलं, मी समजावलं, इस्त्रीवाल्या बाईंनीही समजावलं. गोणीखाली आयुष्य काढलेला माणूस, एकदा पाय रोवून बसला की बसला. केंद्र बंद व्हायची वेळ होत आली होती. मग माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी म्हटलं की हे सगळं तुमच्या त्या प्लॅस्टिकमुळे झालंय, आणि पोरीला काही झालं तर तेही तुमच्यामुळेच. आबांनी फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली. बाळाला मात्र सोडलं नाही.

सिस्टरनी आमच्याकडे पाहिलं, समोरचा चहा बाजूला सारला आणि कपाटातून कोरं कार्ड काढलं. जुन्यावरच्या सगळ्या तारखा एकेक करून उतरवल्या. प्लॅस्टिकखाली एकही अक्षर पुसटलं नव्हतं, हे त्यांना मान्य करावं लागलं. मग दोन मांड्यांत दोन आणि दंडावर एक अशा सुया झाल्या. लेकीनं काही स्टेशनं पलीकडच्या सीवूड्सपर्यंत ऐकू जाईल असा टाहो फोडला, आणि पाय धरायला बसलेल्या आबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. सिस्टरनी आजची तारीख लिहून सही केली.

लशीनंतर अर्धा तास थांबावं लागतं. बाहेरच्या बाकावर लेक हुंदके देत झोपली. मी आबांना म्हटलं की माझं चुकलं, मी असं बोलायला नको होतं. त्यांनी मान हलवली आणि नवीन कार्ड माझ्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही. सगळं वाचून दाखव म्हणाले. मी वाचलं, लशीचं नाव आणि तारीख, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते प्रत्येक चौकटीवर बोट ठेवत होते.

नवऱ्याला त्याच्या आधीची एक बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच मला लग्नात कळलं होतं. त्याहून जास्त या घरात कोणी बोलत नाही. आबा त्या दिवशी बोलले, माझ्याकडे न बघता. ते मार्केटात असताना पोरीचा गळा सुजल्याचा निरोप आला. गावी पोचले आणि तिला खांद्यावर घेऊन तालुक्याला गेले. डॉक्टरनं विचारलं, हिला काय काय टोचलंय, कागद कुठाय. कागद पावसात भिजून गेला होता.

"मला काय बी सांगता आलं न्हाई पोरी," आबा म्हणाले. "ती डोळं उघडून माझ्याकडं बघत हुती, आन मी डाक्तरला नुसता मान हलवत हुतो."

मी कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. या खेपेला ते एकेक नाव, एकेक तारीख माझ्याबरोबर म्हणत होते.