माळावरची टिटवी

येवल्याजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला आलो, तेव्हा शाळेमागे गवताचा मोठा माळ होता. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या धुरात वाढलेला. झाड नाही ती जागा वाया गेलेली, एवढंच मला कळे. सकाळी प्रार्थनेच्या वेळी माळावरून एक चंडोल गात गात वर चढायचा. तो फार आवडायचा, पण त्याचं घर गवतात असतं हे मला, विज्ञानाच्या मास्तरला, ठाऊक नव्हतं.

मग मी, उंटावरचा शहाणा, मुलांना घेऊन दर जूनला माळावर खड्डे खणू लागलो. रोपं गिरिपुष्पाची, कारण त्याला पाणी फारसं लागत नाही आणि गुरं तोंड लावत नाहीत. शाळेला बक्षीसही मिळालं. फोटोत मधोमध मीच उभा आहे.

पहिल्याच वर्षी एका मेंढपाळाच्या मुलीच्या कुदळीपुढे टिटवीची चार अंडी आली. टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत फिरत होती.

"सर, हितं नको खणायला," ती म्हणाली. "ती परत यायची नाय."

"अंडी उचलून बांधावर ठेव," मी म्हणालो. "खड्ड्यांची ओळ वाकडी होईल."

तिने ती ओढणीत घेतली आणि हळूच बांधावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिथे काहीच नव्हतं.

वीस वर्षांत झाडं दाट झाली. त्यांच्या सावलीत गवत मेलं, मेंढ्या यायच्या थांबल्या. चंडोल नेमका कधी गप्प झाला ते मला सांगता येत नाही, आणि याचीच जास्त लाज वाटते.

गेल्या वर्षी नववीच्या चाचणीत नेहमीचा प्रश्न घातला: माणसामुळे परिसंस्थेची हानी झाल्याचं आपल्या परिसरातलं उदाहरण लिहा. बहुतेकांनी पाठ केलेलं नदीचं प्रदूषण लिहिलं. एका मुलीने लिहिलं होतं, 'आमच्या शाळेमागे गवताचा माळ होता. तिथे टिटवी अंडी घालायची. माझी आई या शाळेत होती तेव्हा तिने ती अंडी उचलली. म्हणून पक्षी गेले, असे आई म्हणते. तिला अजून वाईट वाटते.'

तिला मी पूर्ण गुण दिले. मग लाल पेनाने खाली लिहिलं, 'चूक आईची नाही. तिने मला अडवलं होतं. अंडी मी उचलायला लावली.'