दहा मोजेपर्यंत गप्प

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ड्रॉवरमध्ये रबरबँड जमतात तसे ते जमतात. एक दिवस ड्रॉवर लागेनासा होतो, तेव्हा कळतं. माझ्या ड्रॉवरमधले हे सगळे एकाच वर्षातले आहेत, आमच्या स्वराला बोलतं करायच्या खटपटीतले.

स्वरा तीन वर्षांची झाली तरी 'मम्मी', 'पप्पा' आणि 'नको' यापुढे गाडी जात नव्हती. कान तपासून आणले, कान ठणठणीत. जूनला शाळेत घालायची होती, आणि जो तो सांगायचा, तिथे चित्र दाखवून विचारतात, पोर बोललं नाही तर घेत नाहीत. माझं जेवणावरचं मन उडालेलं. त्यात कल्याणच्या नणंदबाई आल्या की एकदा तरी म्हणायच्या, "नाव स्वरा ठेवलंत वहिनी, आवाज घालायला विसरलात वाटतं."

*

शेवटी आमच्या ठाकुर्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "चित्र दाखवायचं, 'हे काय' विचारायचं आणि मनात दहा मोजेपर्यंत गप्प बसायचं. तिला शब्द शोधायला वेळ द्यायचा. कर बघू माझ्यासमोर."

मी कावळ्याचं चित्र धरलं. "हे काय गं? कावळा ना? काव काव करतो ना? आपल्या खिडकीत येतो ना, पोळी खायला? काळा काळा? हुशार गं माझी बाय ती."

ताईंनी चित्र माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू पास झालीस. आता पोरीला बसव."

*

चित्रं मी घरीच केली. पेपरात सेलची पत्रकं येतात, त्यातली वांगी, बादल्या, मिक्सर कापले. चिकटवायला जाड कागद हवा म्हणून माळ्यावरच्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. म्हणजे एका बाजूला वांगं आणि मागच्या बाजूला आधीच छापलेला गणपती. आणि गणपती दिसला की हात जोडायचे, हे सासूबाईंनी तिला रांगत होती तेव्हापासून शिकवलेलं.

मी वांगं दाखवलं. स्वराने कार्ड उलटं केलं, हात जोडले. बादली दाखवली. उलटं केलं, हात जोडले. चार दिवसांनी ती उलटं करायचीही तसदी घेईना. वांगं दिसलं की थेट नमस्कार.

"आई, तुम्ही तरी सांगा हिला," मी म्हटलं.

"काय सांगू? तूपण मिक्सरला रोज हात जोडलेस तर तो आणखी दोन वर्षं चालेल."

*

एकदा ह्यांना जोर आला. मानपाड्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून आले, जेवले आणि म्हणाले, "आज हिचा क्लास मी घेतो. तुला धीर नाही."

केळ्याचं कार्ड धरलं, "हे काय?" विचारलं आणि डोळे मिटून मोजायला लागले. पाचपर्यंत ओठ हलताना दिसले. सहाला घोरणं ऐकू आलं.

स्वराने थोडा वेळ वाट पाहिली. मग ढिगातून शोधून शोधून गादीच्या सेलचं कार्ड काढलं आणि पप्पांच्या पोटावर ठेवलं.

मी हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीच आलं. पोरीला सगळं कळत होतं. तोंडातून तेवढं काही निघत नव्हतं.

*

माझं शिक्षण सातवीपर्यंत. दहा मोजायला सातवी पुरते असं मला वाटायचं. पण घरात मनातल्या मनात मोजून बघा. मी सहावर आले की कुकरची शिट्टी व्हायची. मग शिट्ट्या किती आणि आकडे किती, सगळं एकत्र. दोनदा डाळ करपली आणि पोरीला एकदाही पूर्ण दहा मिळाले नाहीत.

म्हणून मी बोटांवर धरले. चित्र मांडीवर ठेवायचं, दोन्ही हात तिच्यासमोर उघडायचे आणि एकेक बोट मिटायचं. तोंड बंद.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी चमच्याचं चित्र होतं. स्वरा चित्राकडे बघतच नव्हती, माझ्या बोटांकडे बघत होती. दहावं बोट मिटलं.

"चमचा," ती म्हणाली.

मी हाक मारली ती अशी की सासूबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या. त्यांना वाटलं, मला शॉक लागला.

तिथून गाडी सुटली. एकेक शब्दच, पण रोज नवा. फक्त नियम एक. दहा बोटं मिटेपर्यंत बाईसाहेब तोंड उघडायच्या नाहीत. उत्तर येत असलं तरी थांबायच्या. सासूबाई पीठ लागलेली बोटं मिटून 'झाले दहा' म्हणायच्या, हे चहाचा कप खाली ठेवून मिटायचे.

*

मग मी बाजारातही सुरू केलं. भाजीवाल्याच्या टोपलीतला दोडका स्वराला दाखवला, "हे काय?" म्हटलं, पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्यासमोरच बोटं मिटायला लागले.

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. आठव्या बोटाला त्याने मान हलवली.

"नाय ताई, दहा कमी नाय होणार. पाच करतो, चला."

"दोडका," स्वरा म्हणाली.

*

शाळेत बोलावलं त्या दिवशी मी सकाळपासून पाण्यावर होते. डोंबिवलीची शाळा, छोटी खोली, टेबलाच्या पलीकडे बाई. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "पालकांनी मध्ये बोलायचं नाही." मी ओढणीचं टोक दातांत धरलं. ह्यांनी हात मांड्यांखाली घातले.

बाईंनी हत्तीचं चित्र धरलं. "हे काय आहे, बाळा?"

स्वराने चित्र एकदा पाहिलं आणि बाईंच्या हातांकडे बघत बसली.

"हत्ती ना?" बाई म्हणाल्या. "मोठा मोठा हत्ती? सोंड आहे ना त्याला?"

बाईंनी दुसरं चित्र काढलं. "बरं, हे काय?"

हातांकडेच नजर. मी मनात तीन म्हटलं नाही तोवर बाई म्हणाल्या, "घर ना? आपण राहतो ना घरात?"

मग बाईंनी चित्रं बाजूला ठेवली आणि फॉर्मवर लिहायला पेनाचं टोपण उघडलं.

तेवढ्यात स्वरा खुर्चीत वळली, माझी ओढणी ओढली आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मम्मी, ह्या बाईंना दहापर्यंत येत नाही."