रानकॉफीची छाटणी

चांदवडचं लग्न उरकून नाशकात परतलो, गच्चीचा जिना चढलो आणि हातातली बॅग तिथंच टाकून कुंडीकडे धावलो. शेडनेटखालची माझी रानकॉफी कमरेइतकी झाली होती. आता कुंडीत वीतभर खुंट होता. शेजारी मेहुणा, हातात कात्री, चेहऱ्यावर सत्काराला उभं राहिल्याचं तेज.

"दाजी, झाड लय माजलं होतं. अन् छाटणीचा हंगामच हाय. म्हटलं, उरकून टाकू."

द्राक्षवाला माणूस. ऑक्टोबरात हाती कात्री आली की समोर येईल ते छाटतो. मी त्याला फक्त पाणी घालायला ठेवलं होतं!

त्या झाडाचं बी माझ्या मैत्रिणीनं दक्षिणेतल्या एका डोंगरातून ओल्या शेवाळात गुंडाळून, जेवणाच्या डब्यातून आणलं होतं. "वाळवून बरणीत ठेवलंस तर मरेल," तिनं बजावलं होतं. "ही जात जपायची तर झाडच जगवायला हवं." पुढे त्या डोंगरातून रस्ता गेला, झुडपं गेली. तिच्या माहितीत तिथलं एवढं एकच झाड उरलं होतं, आणि त्याची पहिली फुलं बघायला ती येणार होती.

तेवढ्यात मेहुण्याच्या दुसऱ्या हातातली वाटी दिसली. लाल पेस्ट. द्राक्षाचे डोळे फुटावेत म्हणून लावतात ते जहाल औषध.

"लावलंस?" माझा आवाज नाटकातल्या राणीसारखा चिरकला.

"लावणारच होतो. तुम्ही बोंबललात म्हणून राहिलं."

मग रोज सकाळी मी खुंटापुढे उकिडवा. नखानं साल खरवडायची, हिरवी दिसली की चहा गोड लागायचा. लगेच धास्ती, की खरवडून खरवडून मीच त्याला मारतोय. मैत्रिणीचा फोन आला की मी बाथरूममध्ये. बायको गोड आवाजात सांगायची, "ते ना, झाडापाशीच असतात हल्ली."

मेहुणाही रोज फोन करायचा. त्याच्या बागेवर अवकाळीचं सावट, तरी पहिला प्रश्न, "दाजी, फुटलं का?" त्याचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

एका सकाळी खुंटाच्या बगलेत मोहरीएवढं हिरवं दिसलं. चष्मा पुसून पाहिलं. डोळाच! मेहुणा धावत आला. कात्री मी खालीच काढून घेतली. तो श्वास रोखून वाकला.

"दाजी, एक नाय, दोन हायेत!" आणि त्याची चिमूट पुढे सरकली. "आता बारका खुडला, की दुसऱ्याला जोर..."

मी झडप घातली. त्याच क्षणी खिशातला फोन वाजला. मैत्रीणच. एका हातानं मेहुण्याचं मनगट गच्च धरून, दुसऱ्या हातानं मी तो एकदाचा उचलला.