कमल सिस्टरची फेरी

कमल सिस्टर गेल्याचं कळलं तेव्हा मी सिडकोतल्या एका घरात शिडीवर उभा होतो. स्वयंपाकघराच्या चौकटीवर हालचाल टिपणारा सेन्सर बसवणं चाललं होतं, आणि घरातले आजोबा खाली शिडी धरून उभे होते. फोन लासूर स्टेशनहून होता, सिस्टरच्या भाच्याचा; त्या दोन दिवसांसाठी त्याच्याकडे गेल्या होत्या. “दादा, आत्या गेली. सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसली व्हती... हाक मारली तर बोललीच नाय.” मी उरलेले दोन स्क्रू पिळले आणि मगच खाली उतरलो. ते स्क्रू मी का पिळत बसलो, हे मला अजून कळलेलं नाही. त्याला आता पाच आठवडे झाले.

सिस्टर सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आमची ओळख माझ्या आईमुळे झाली. माझं गुलमंडीजवळ सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं दुकान. आई घरी एकटी असायची. एका दुपारी ती न्हाणीघरात पडली आणि संध्याकाळी मी दुकान बंद करून घरी पोचेपर्यंत तशीच ओल्या फरशीवर पडून राहिली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर तिचं सगळं करायला सिस्टर येऊ लागल्या. मी इतका धास्तावलो होतो की आईच्या पलंगासमोर कॅमेरा लावला आणि दुकानात बसून मोबाइलवर दिवसभर आई बघायला लागलो. चौथ्या दिवशी चित्र एकदम पांढरं झालं. घाबरून फोन केला, तर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “मीच टॉवेल टाकला. आईंचं अंग पुसून घ्यायचंय. अन् तुमच्यापाशी गिऱ्हाईक उभं आहे, त्याचा आवाज मला इथं येतोय.” मी वळून पाहिलं. खरंच एक माणूस माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी गेल्यावर त्या रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं, “दादा, तुम्हाला आई दिसायला पाहिजे, का आई बरी आहे हे कळायला पाहिजे?”

कॅमेरा मी त्याच आठवड्यात काढला. त्याऐवजी दारावर, स्वयंपाकघरात, न्हाणीघराबाहेर छोटे सेन्सर बसवले. आई उठली, फिरली की फोनवर नोंद दिसायची. चित्र नाही, आवाज नाही. सकाळी ठरलेल्या वेळेत हालचाल दिसली नाही तर मेसेज यायचा. आई त्यानंतर तीन वर्षं जगली, आणि त्या तीन वर्षांत आमचा धंदा उभा राहिला. या शहरात घरटी एक तरी मूल पुण्याला नाही तर परदेशात. मागं म्हातारी दोघं, किंवा दोघांतलं एक. मी सेन्सर बसवायचो, मुलांशी बोलायचो. सिस्टर स्कूटी घेऊन आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी जाऊन यायच्या. त्या त्याला फेरी म्हणायच्या. बीपी बघून दहा मिनिटांत निघता येईल तिथं त्या तासभर बसायच्या. मला वाटायचं, वेळ फुकट जातो.

आमचं खरं भांडण झालं ते जोशी काकांवरून. काका जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले, बायको नुकतीच गेलेली. घरात आमचे सेन्सर होतेच, पण परदेशातल्या मुलाला प्रत्येक खोलीत कॅमेरा हवा होता. तसं केलं तर त्याच्या ओळखीतली बरीच घरं तो आमच्याकडे पाठवणार होता. माझ्या डोळ्यांसमोर दुकानाची नवी पाटीसुद्धा दिसू लागली होती. काका मात्र नको म्हणाले. “काका नाय म्हणाले, विषय संपला,” सिस्टर म्हणाल्या. मी चिडून बोललो, “सिस्टर, असं वागून धंदा होत नसतो.” त्यांनी बीपीचं मशीन पिशवीत घातलं. “मग तुम्ही करा.” आठ दिवस त्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. मी कॅमेरे मागवून ठेवले.

काकांच्या घरच्या नोंदी त्या दिवसांत अगदी घड्याळासारख्या होत्या. सकाळी सात, दुपारी एक, रात्री आठ, स्वयंपाकघरात हालचाल. मुलगा समाधानी, मीही. नवव्या दिवशी सिस्टर, माझ्याशी अबोला असतानाही, आपली फेरी म्हणून काकांकडे गेल्या आणि तिथून त्यांनी मला बोलावून घेतलं. फ्रिज उघडून दाखवला. डब्यावर डबा, मेसवाल्याकडून आलेले, एकही उघडलेला नाही. काका पलंगावर मान खाली घालून बसलेले, चेहरा पार सुकलेला. “जेवण जात नाही हो,” ते म्हणाले. “पण स्वयंपाकघरात जाऊन उभं राहिलं की पोराला कळतं, बाबा ठीक आहेत. त्याला तिकडं कशाला घोर?” तीन वेळा उठून यंत्रापुढे हजेरी लावायची आणि परत येऊन पडायचं... हा त्यांचा दिवस होता. सिस्टरनी वरणभाताचा कुकर लावला, आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवलो. काका चार घास जेवले, मग रडले. नंतर सिस्टरनीच मुलाला फोन केला. “कॅमेरा लावला असता तर वडील चालताना दिसले असते. भूक दिसली नसती, बाळा. तू ये.” तो आला, महिनाभर राहिला. कॅमेऱ्याचं नाव त्यानं परत काढलं नाही. मागवलेले कॅमेरे मी परत पाठवले आणि सिस्टरची माफी मागितली. “लई मनावर घेऊ नका,” त्या म्हणाल्या, “चहा सांगा.”

हे सगळं पाहूनही मी पुढं काय केलं, ते लिहायला जड जातं. सिस्टर एकट्याच राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर. “मला बी लावा की एक,” असं त्यांनी हसत म्हटलं आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात सेन्सर बसवला. रोज सकाळी सगळ्यांत आधी त्यांच्या घरची नोंद यायची. ती पाहिली की मी निर्धास्त. त्या गेल्यानंतर दहाव्याला मी लासूरला गेलो तेव्हा भाच्यानं दवाखान्याची फाइल पुढं ठेवली. सहा महिन्यांपासून हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलेलं. “तुम्हाला बोलली नव्हती का?” त्यानं विचारलं. नव्हत्या बोलल्या. पण मी तरी कधी त्यांच्याकडे तासभर बसलो? इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात फक्त एकदाच गेलो होतो, तो सेन्सर बसवायला.

गेल्या गुरुवारी मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्या फेरीवर निघालो. पहिलं घर समर्थनगरातल्या मालतीआजींचं. बीपी बघितलं, लिहून घेतलं, आणि पुढं काय करायचं ते मला सुचेना. आजीच उठल्या. कपाटातून एक निळं, अर्धवट विणकाम काढून माझ्या हातात दिलं. बोटभर लांबीचं, कडा वाकड्यातिकड्या, मधे सुटलेले टाके. “कमलचं आहे. दोन वर्षं शिकवतेय. कधी जमलंच नाही तिला,” आजी म्हणाल्या. “ती निघाली की मी दर वेळी थोडं उसवून ठेवायचे, पुरं झालं तर ती बसणार कशाला? तिला ठाऊक होतं हो. काही बोलायची नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.”

तो तुकडा हातात धरूनच मी दाराकडे पाहिलं. बाहेर रिक्षा उभी केली होती, पुढं चार घरं होती.

“तुम्हाला येतं का विणायला?” आजींनी विचारलं.

“नाही.”

“मग बसा,” त्या म्हणाल्या, आणि सुया माझ्या बोटांत धरवून दिल्या.