वीस दिवस जास्तीचे

मधू गेल्याचं मला दुकानात कळलं, एप्रिलमधल्या एका सकाळी, आन्सरिंग मशीनवरच्या निरोपातून. शैलावहिनींचा आवाज अगदी सपाट होता. "भाऊजी, हे गेले. झोपेतच." सप्टेंबरपासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आता बोलायचं म्हटलं तरी... जाऊ दे.

मिनेसोटात, आमच्या डुलुथला, मराठी घरं मोजून चार. २००१ साली मी इथे किराणा दुकान टाकलं तेव्हा मधू कागदाच्या कारखान्यात केमिस्ट होता. त्याच्या परसातले टोमॅटो लहान, आंबट, साठ दिवसांत पिकणारे. सार करावं तर त्यांचंच. मला मात्र तळहातभर मोठे, ऐंशी दिवसांचे हवे असत. दर वर्षी ते झाडावर हिरवेच राहायचे आणि पहिल्या हिमात काळे पडायचे. "शेट, इथला उन्हाळा साठ दिवस देतो," मधू म्हणायचा, "तिथे तुझी घासाघीस चालत नाही." मी चिडायचो. पहिल्या भावाला मी आयुष्यात काही घेतलेलं नाही.

गेल्या गणपतीच्या जेवणात त्याने माझ्या हिरव्या टोमॅटोंची चटणी सगळ्यांना वाढली. "घ्या, शेटच्या हट्टाची चटणी." चारही घरं हसली. मी ताटावरून उठलो. नंतर त्याचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. ताणून धरलं की समोरचा नमतो, हा माझा धंद्यातला अनुभव.

तेराव्यानंतर वहिनींनी मला तळघरात नेलं. ट्यूबलाइटखाली, दह्याच्या रिकाम्या डब्यांत, त्याची दोन-दोन पानांची रोपं. बाजूला मोठ्या कुंड्यांत सहा रोपं, चांगली वीतभर उंच. काडीवर त्याच्या अक्षरात 'शेट'.

"तुमची ती मोठी जात," वहिनी म्हणाल्या. "मार्च लागताच पेरली. म्हणाले, शेटला वीस दिवस इथेच काढून देतो. लाल झाले की सांगू."

तेव्हाच सांगायला काय झालं होतं? मला अजून राग येतो. मी फोन घेत नव्हतो हे खरं, पण दुकान रोज उघडं होतं...

तळघरात वारा नसतो, म्हणून तो रोज सकाळी रोपांवरून हात फिरवायचा. त्याने खोड घट्ट होतं म्हणे. जून लागेपर्यंत ती बाहेर लावता येणार नाहीत, तोवर दुकान उघडण्याआधी मी जातो. वहिनी चहा ठेवतात. मी आधी त्याच्या रोपांवरून हात फिरवतो, मग माझ्या. पानांचा उग्र वास दुपारपर्यंत हाताला राहतो. शिकागोचा माल देणारा फोनवर भाव सांगतो, आणि मी हो म्हणतो.