चलाभाऊ आणि शांघायची जुनी गल्ली

शांघायमधल्या एका महागड्या रेस्टॉरंटच्या दारात मी बूट काढून ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो. दगडी चौकट, काळं लाकडी दार, खाली चांगला वीतभर उंबरठा. असं दार दिसलं की आपल्याकडच्या माणसाचे पाय आपोआप मोकळे होतात. दारावरच्या मुलीनं माझे बूट दोन बोटांत धरून मागोमाग आणून दिले. शेजारून चलाभाऊ म्हणाला, "पाया पडाले देव कुठाय बे?"

चलाभाऊ जर्सी सिटीतला माझा शेजारी आणि ऑफिसातला सहकारी, मूळचा नागपूरचा. कुठेही टेकला की जरा वेळात "चला" म्हणून उठायचा, म्हणून हे नाव. नागपूर, पुणे, मग अमेरिकेत अल्फारेटा, जर्सी सिटी असं करत आलेला हा गृहस्थ. घरातली निम्मी खोकी त्यानं कधी उघडलीच नाहीत. "उघडलं का पुन्हा भरा लागते," म्हणायचा. त्याचा मिक्सर त्यातल्याच कुठल्याशा खोक्यात असल्यामुळे वहिनी चटणी वाटायला आमच्याकडे येत.

आणि आता कंपनीनं त्याला शांघायची जागा देऊ केली होती. ग्रीन कार्डाची रांग हलेना, व्हिसाची मुदत संपत आलेली. लेक नववीत, आणि वहिनींनी निक्षून सांगितलेलं, "मी आता कुठेही हलणार नाही." आठवडाभर तिथलं ऑफिस बघून, परतण्याआधी हो की नाही ते सांगायचं होतं. मी सोबत गेलो होतो तो त्याच्या प्रेझेंटेशनच्या स्लाइड पुढे सरकवायला.

तो आठवडाभर पायाला भिंगरी लावल्यासारखा हिंडला. त्या संध्याकाळी तर जेवणाच्या वेळेआधीच मला रेस्टॉरंटच्या आसपासच्या जुन्या गल्ल्यांत घेऊन गेला. जुनी विटांची घरं, पण खाली घड्याळांची नि अत्तरांची दुकानं, वर दिव्यांची आरास. प्रत्येक रेस्टॉरंटबाहेरचा मेन्यू तो नाक लावून वाचायचा आणि म्हणायचा, "चला, पुढचं पाहू." समोरून आलेल्या प्रत्येक बाईला वाट देताना मी भिंतीला चिकटत होतो. एकदा भिंत समजून काचेला टेकलो. आत जेवणाऱ्या जोडप्यानं खुर्च्या फिरवून घेतल्या.

जेवायला बोलावलं होतं तिथल्या ऑफिसच्या प्रमुख बाईंनी. त्या सहज म्हणाल्या, "माझं लहानपण असल्याच एका गल्लीत गेलं. एका घरात चार कुटुंबं, एक स्वयंपाकघर. आता तिथं बसायला रिझर्व्हेशन लागतं."

चलाभाऊनं विचारलं, "घर सोडताना वाईट नाही वाटलं?"

"आईला वाटलं. ती अजून जुन्या बाजारातूनच भाजी आणते, दोन बस बदलून."

यावर चलाभाऊ "चला" म्हणाला नाही. उठला नाही, घड्याळ बघितलं नाही. त्याला एवढा वेळ बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला भीतीच वाटली. बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा तो माझ्याकडे वळला. "खरं सांग. तू माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

माझ्या तोंडात वाफाळता मोमो होता. आतला रस जीभ भाजत होता, थुंकायची सोय नव्हती. मी डोळ्यांतलं पाणी आवरत जोरजोरात मान हलवली आणि कसंबसं म्हणालो, "घे रे, घेऊन टाक."

बाई परत आल्या तेव्हा तो "हो" म्हणाला.

घरी परतल्यावर त्यानं वहिनींना माझा तो मोमोवरचा सल्लाही सांगून टाकला. त्यानंतर महिनाभर त्यांच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. लेक दार लावून बसायची. शेवटी सगळेच निघाले. विमानतळावर माझ्याच गाडीनं त्यांना सोडायला गेलो होतो, आणि मी ट्रॉली ढकलत होतो. चलाभाऊ नेहमीसारखा पुढे निघून गेला होता. वातावरण हलकं करावं म्हणून मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, तिथलं जेवण फार छान आहे हो."

वहिनींनी माझ्या हातातून ट्रॉली काढून घेतली. "भाऊजी, पार्किंगची जागा शोधायला तुम्हाला आत्ता अर्धा तास लागला. आणि आमचा देश तुम्ही एका घासात निवडलात."