शरयूबाईंचा इंग्रजी दाखला

साताऱ्याच्या त्या शाळेतून बाहेर जाणारं प्रत्येक इंग्रजी पत्र शरयूबाईंच्या हातून जायचं. मजकूर हेडमास्तर गोपाळकृष्णपंतांचा. जावक वहीत त्याची नक्कल उतरवायची बाईंनी, कारण त्यांचं अक्षर वळणदार आणि इंग्रजी पंतांच्या खालोखाल पक्कं. त्यामुळे नऊ वर्षांत शाळा सोडून गेलेल्या एकूण एक मास्तराचं चारित्र्य बाईंना तोंडपाठ होतं. साध्यासुध्या माणसाला पंत एक ओळ देत, 'बेअर्स अ गुड मॉरल कॅरॅक्टर'. वागणूक चांगली, विषय संपला. मर्जीतला असेल तर 'एक्झेम्प्लरी', म्हणजे इतरांनी कित्ता गिरवावा असा. त्याच्याही वर 'इररिप्रोचेबल' होता. ज्याला बोट ठेवायला जागाच नाही, त्याच्यासाठी राखून ठेवलेला. तो शब्द पंत सहसा बाहेर काढत नसत.

सेहेचाळीस सालच्या मार्चात सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली. नोकरीबरोबर राहायला दोन खोल्या होत्या, आणि बाईंचा खरा जीव त्या खोल्यांत अडकला होता. बारा वर्षांपूर्वी मारकुट्या नवऱ्याचं वाईतलं घर सोडून त्या निघाल्या, तेव्हापासून साताऱ्यात पाच बिऱ्हाडं झाली. 'यजमान कुठं असतात?' हा प्रश्न प्रत्येक घरमालकानं विचारला, आणि खरं उत्तर ऐकून प्रत्येकाचा चेहरा बदलला. स्वतःच्या हक्काच्या दाराला आतून कडी लावावी, एवढीच त्यांची हौस उरली होती.

पंतांनी दाखला आनंदानं लिहिला. बाई सर्व्हिस मोटारीत बसताना त्यांनी पाकीट हातात दिलं आणि म्हणाले, "काळजी करू नका. असा दाखला मी आजवर कुणाला दिलेला नाही."

कऱ्हाड सोडल्यावर बाईंनी पाकीट उघडलं. नैतिक चारित्र्य इररिप्रोचेबल. वर्तन अबव्ह सस्पिशन, संशयाची सावलीसुद्धा पोचू नये इतक्या उंचीवरचं. लौकिक अनब्लेमिश्ड, डाग नसलेला. वाचून त्यांना आधी भरून आलं. इस्लामपूर आलं तेव्हा मात्र त्यांनी तो पुन्हा उघडून वाचला. हीच तीन वाक्यं, याच क्रमानं, त्यांनी पूर्वी एकदा उतरवली होती.

चार वर्षांपूर्वी चिंतामणराव नावाच्या मास्तरांबद्दल दोन मुलींचे वडील तक्रार घेऊन आले होते. पंतांनी खोलीचं दार लावून त्यांची समजूत घातली, मास्तरांना मुलींच्या वर्गावरून काढलं आणि आठ दिवसांत हा असला दाखला देऊन वाटेला लावलं. ब्याद टळली, शाळेचं नाव राहिलं. मराठीत 'या गृहस्थांची नजर स्वच्छ आहे' असं लिहायला पंतांचा हात धजला नसता. इंग्रजीत तो सुरळीत चालला, ही त्या भाषेची मोठी सोय. बाईंनी खाली मान घालून नक्कल उतरवली होती. ते गृहस्थ पुढे कुठे गेले हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

सांगलीच्या शाळेत पाऊल टाकलं आणि समोर चिंतामणरावच उभे.

"या शरयूबाई," ते हसून म्हणाले. "सध्या शाळेचा कारभार मीच पाहतो."

मुलाखतीला अवकाश होता. व्हरांड्यात बसलेल्या बाईंना शाळेत झाडलोट करणाऱ्या सुलाबाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि ती तिथेच घुटमळली.

"तुमी नव्या बाई व्हय? मग लवकर या, बाई. ह्या मास्तरांच्या तासाला सातवीच्या पोरी पोटात दुखतंय म्हून घरी जात्यात. समद्यांच्याच कसं दुखतंय वं?"

बाईंनी तांब्या तसाच खाली ठेवला. तेवढ्यात आतून हाक आली.

टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब वकील, शेजारी दोन सभासद आणि कडेला कागद सावरत चिंतामणराव. लालासाहेबांनी दाखला वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पंतांचा शब्द म्हणजे काय विचारता. अगदी आमच्या चिंतामणरावांना दिला तसाच की हा. नशीबवान आहे आमची शाळा."

चिंतामणराव मान खाली घालून विनयानं हसले. बाईंनी त्या वेळी नुसतं हसून मान हलवली असती तर जागा त्यांची होती, दोन खोल्यांसकट. पंतांचीही अब्रू राहिली असती, आणि पंतांचे उपकार काय थोडे होते? नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला नोकरी द्यायची हिंमत साऱ्या साताऱ्यात त्या एका माणसानं केली होती.

"ह्यांचा तो दाखला मीच वहीत उतरवला होता," त्या म्हणाल्या. "तो खोटा आहे. ह्यांना मुलींच्या वर्गावरून काढलं होतं. दोन वडील तक्रार घेऊन आले होते."

"नवऱ्याचं घर टाकून आलेली बाई ही," चिंतामणराव ताडकन उठले. "हिचं काय ऐकता?"

लालासाहेबांनी हातानंच त्यांना बसवलं. मग बाईंकडे बघत सावकाश म्हणाले, "बाई, त्याच माणसानं त्याच शब्दांत तुमच्याबद्दल लिहिलंय. तो दाखला खोटा, तर हा खरा कशावरून?"

हा प्रश्न येणार, हे बाईंना बोलायच्या आधीच ठाऊक होतं.

"मग दोन्ही दाखले बाजूला ठेवा. सुलाबाईला आत बोलवा. नंतर सातवीच्या मुलींच्या आयांना विचारा."

सुलाबाई आत गेली ती अर्ध्या तासानं डोळे पुसत बाहेर आली. पंधरा दिवसांत चिंतामणराव सांगलीतून गेले, या वेळी दाखल्याशिवाय. मुख्याध्यापिकेची जागा दुसऱ्याच एका बाईंना मिळाली. शरयूबाईंचा दाखला टपालानं परत आला. सोबतच्या पत्रात, सही करणाऱ्याच्या शब्दावर विसंबून नेमणूक करणं मंडळाला आता शक्य नाही, असं नम्रपणे कळवलं होतं.

ते पत्र बाईंनी स्वतःच पंतांच्या टेबलावर ठेवलं. पंतांनी दोनदा वाचलं.

"तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"तुमच्याबद्दल मी मनापासून लिहिलं होतं, बाई."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "सांगलीकरांना ते कसं कळावं?"

पंतांनी त्यानंतर कुणालाच दाखला दिला नाही. बाईंनी आणखी दोन ठिकाणी अर्ज करायचं मनात आणलं, तेव्हा त्यांनाही दिला नाही. माझ्या सहीनं तुमचं नुकसानच होईल, म्हणाले. बाई निवृत्त होईपर्यंत सहशिक्षिकाच राहिल्या, भाड्याच्या खोलीत. पंतांचा राग त्यांना कधी आला नाही, रडू मात्र पुष्कळदा आलं.